एकशे त्रेचाळिसावं पान

“शालनताई, बारा वाजून गेले,” शेजारचे बाइंडर रशीदचाचा दारातूनच म्हणाले. “चार वाजता मी शिवणीला बसणार म्हणजे बसणार. मागनं कुणी डॉक्टर होऊन आलं तरी उठणार नाही.”

“देते हो चाचा. चारच्या आत आणून देते.”

“सगळी पानं झाली?”

“झाली की.”

झाली नव्हती. माझ्या मांडीवर बिरनाळे सरांच्या हस्तलिखिताचा गठ्ठा होता, आणि त्यात एकशे बेचाळिसाव्या पानानंतर थेट एकशे चव्वेचाळिसावं पान आलं होतं. मी तीनदा मोजलं. खुर्चीखाली पाहिलं, यंत्राखाली पाहिलं, कचऱ्याची टोपली उलटी केली. टोपलीत वापरून पांढरे पडलेले कार्बन होते आणि माझ्या डब्यातली मिरचीची देठं.

ब्याण्णव सालातली गोष्ट. विद्यापीठाच्या मागच्या फाटकासमोर माझं टायपिंगचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक टेबल, एक यंत्र, एक पंखा आणि गिऱ्हाइकासाठी एक स्टूल. मी मॅट्रिक झालेली, मराठी टायपिंगची चाळीसची परीक्षा पास. पण तोवर अकरा प्रबंध माझ्या हाताखालून गेले होते, आणि त्यातले चार सौंदर्यशास्त्राचे. लोक डोळ्यांनी वाचतात, मी बोटांनी वाचत गेले. सुरुवातीला काही कळायचं नाही. मग हळूहळू कळायला लागलं, आणि एकदा कळायला लागल्यावर फार पंचाईत झाली, कारण काही काही प्रबंधांत कळण्यासारखं काही नसायचंच.

बिरनाळे सरांचा प्रबंध तसा नव्हता. सर एका तालुक्याच्या कॉलेजात शिकवायचे, इथून दीड तासाच्या गाडीवर. अठ्ठेचाळीस वर्षांचे, बारीक, गळ्यापर्यंत बटणं लावणारे. नऊ वर्षं ते एकाच प्रश्नामागं होते. नाटक बघताना, गाणं ऐकताना आपल्यात आणि समोरच्या गोष्टीत एक अंतर असतं म्हणतात. ते कुठून येतं? त्यांचा पहिला प्रबंध एकदा परत आला होता. मुदत दोनदा वाढवून झाली होती, तिसऱ्यांदा वाढत नाही. आणि कॉलेजच्या संस्थेनं त्यांना सांगून ठेवलं होतं, पुढच्या जूनच्या आत पदवी नसेल तर विभाग दुसऱ्याच्या हाती देऊ, तुम्ही तासिकेवर या. हे सगळं त्यांनी मला स्टुलावर बसून सांगितलं होतं, हसत हसत, आणि हसताना त्यांचा डावा पाय सारखा हलत होता.

दुसऱ्या दिवशी प्रबंध सादर करायची शेवटची तारीख होती.

आणि पान मीच हरवलं होतं. त्यात शंका नव्हती. चौथं प्रकरण सरांनी शेवटपर्यंत स्वतःजवळ ठेवलं होतं, परवा आणून दिलं. ते गेले आणि मी पंखा लावला. पानं दुकानभर उडाली, दोन-चार तर पायरीवरून रस्त्यावर गेली. मी धावत जाऊन गोळा केली, झटकून रचली, आणि मोजली नाहीत. एक गटारीत गेलं असणार.

शेजारच्या टेलिफोन बूथवरून मी कॉलेजला फोन लावला.

“सर नाहीत,” तिकडचा क्लार्क म्हणाला. “परीक्षेच्या केंद्रावर गेलेत.”

“तिथला नंबर द्या.”

“तिथं फोन असता तर केंद्र कशाला दिलं असतं त्यांना? उद्या पहाटेच्या गाडीनं थेट तुमच्याकडंच येणार म्हणालेत. काही निरोप?”

काय निरोप देणार?

परत येऊन मी दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवली. सरांची एक सवय होती. माझ्या यंत्रावर एका पानात किती ओळी बसतात ते विचारून घेऊन ते तेवढंच लिहायचे. त्यांचं एक पान म्हणजे माझं एक पान. त्यामुळं नुसतं पुढचं पान जोडून आकडे दामटायची सोय नव्हती. पुढच्या प्रकरणांत ‘पाहा पान १६०’, ‘पाहा पान १७२’ असं ठिकठिकाणी टाइप होऊन बसलं होतं. शिवाय एकशे बेचाळिसावं पान संपत होतं ते असं: “याचे एक साधे उदाहरण घेऊ.” आणि एकशे चव्वेचाळिसावं सुरू होत होतं: “या उदाहरणावरून स्पष्ट होते की, हे अंतर रसिक राखत नाही. ते त्याच्यावर येऊन पडते. त्यामुळे त्याचे श्रेयही त्याला देता येत नाही आणि दोषही.”

मधलं उदाहरणच गेलं होतं.

मी दुसरीकडून उचलायचं ठरवलं. जुन्या प्रबंधांच्या प्रती माझ्याकडं होत्या. पण त्यांत सूर्यास्त आणि ताजमहाल. आमच्या प्रबंधांत ताजमहाल इतक्यांदा आलाय की मी तो न बघता टाइप करू शकते. सरांच्या वाक्याला तो लागत नव्हता. सूर्यास्त बघितल्याचा दोष कोण कुणाला देतो?

ते वाक्य मी परत वाचलं. मग आणखी एकदा. दारात ऊन पायरीपर्यंत आलं होतं. मला काय झालं कुणास ठाऊक, मी चार कोरे कागद घेतले, मध्ये तीन कार्बन घातले, रोलरवर चढवले आणि वर मधोमध १४३ टाइप केलं. मग माझ्या लहानपणीची एक गोष्ट लिहिली. मी ती कुणाला सांगितली नव्हती, नवऱ्यालाही नाही. ‘मी’ हा शब्द एकदाही येऊ दिला नाही. प्रबंधात ‘मी’ नसतो, एवढं मला ठाऊक होतं. पान भरलं, ओळी बरोबर बसल्या. मी ते न वाचताच गठ्ठ्यात घातलं आणि पावणेचारला गठ्ठा रशीदचाचांच्या पुढ्यात नेऊन ठेवला.

“तोंड असं का उतरलंय?” चाचा म्हणाले.

“जेवले नाही.”

“लोकांना डॉक्टर करता करता स्वतः आजारी पडशील.”

सकाळी सर आले. काळ्या कापडी बांधणीच्या चार प्रती टेबलावर होत्या, वर सोनेरी अक्षरं: ‘रसिकाचे अंतर’. सरांनी वरच्या प्रतीवरून नुसता तळवा फिरवला.

“सर, एक सांगायचं होतं—”

“आत्ता काही सांगू नका ताई. छातीत धडधडतंय.”

“एकदा उघडून तरी बघा.”

“नको. उघडलं की चूक दिसणार. दिसली तरी आता काही करता येणार नाही. मग कशाला उघडा?” त्यांनी चारही प्रती छातीशी धरल्या. “तुमचं काम आहे म्हणजे चूक नसणारच. तीच एक खात्री आहे मला या सगळ्यात.”

एवढं बोलून ते फाटकातून आत गेले. मला ओरडून थांबवता आलं असतं. मी थांबवलं नाही.

त्यानंतरचे साडेचार महिने मी कसे काढले ते यंत्राला विचारा. एका वकिलाच्या नोटिशीत मी ‘मयत’ शब्द तीनदा टाइप केला, जिवंत माणसाच्या नावापुढं. कुणी फाटकातून लगबगीनं बाहेर आलं की वाटायचं, मलाच शोधत येतंय. सर अधूनमधून यायचे. एकदा घरचे पेरू घेऊन आले. पेरू गोड होते, मला गिळवेनात.

“बहिःस्थ परीक्षक कोण, कळलं,” ते एकदा म्हणाले. “डॉक्टर कमलिनी धारप.”

“कशा आहेत?”

“विद्वान आहेत.” त्यांचा डावा पाय हलायला लागला. “म्हणजे, गेल्या तीन वर्षांत पाच प्रबंध परत पाठवलेत त्यांनी. आधी तळटीपा वाचतात म्हणे, मग वर बघतात. पण माझ्या तळटीपा पक्क्या आहेत. सहाशे बारा आहेत, ताई. एकही वाक्य उघडं ठेवलेलं नाही.”

एक पान उघडं आहे, सर. हे माझ्या अगदी दातांपर्यंत आलं. पण मी विचारलं काय, तर, “पेरूचं झाड किती वर्षांचं आहे?”

मौखिकी, म्हणजे प्रबंधाची तोंडी परीक्षा, ऑगस्टात लागली. ती सगळ्यांना खुली असते. विभागाच्या फळ्यावर सूचना लावतात आणि ज्याला यायचं तो येतो, बहुतेक करून नंतरच्या फराळासाठी. सर स्वतः बोलवायला आले.

“तुम्ही यायचंच. माझा प्रबंध तुमच्याएवढा कुणी वाचलेला नाही. माझ्या बायकोनंही नाही.”

मी ठरवलं होतं, सुरू व्हायच्या आधी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगायचं. ते निदान तयार तरी राहतील. पण मी पोचले तेव्हा सर त्यांचे मार्गदर्शक सबनीस यांच्याशी बोलत होते. सबनीस सर त्यांना पुन्हा पुन्हा सांगत होते, “बाईंना मध्येच तोडू नका. त्या प्रश्न विचारून थांबत नाहीत, तो फक्त श्वास असतो.” मी दोनदा जवळ गेले. दुसऱ्यांदा बिरनाळे सरांनी माझ्याकडं पाहिलं, मान हलवली आणि नजर काढून घेतली. त्यांचा चेहरा राखेसारखा होता. मी शेवटच्या बाकावर जाऊन बसले.

धारपबाई सत्तरीला आल्या असतील. पांढरी सुती साडी, केस अगदी आखूड कापलेले. प्रबंधात जागोजागी कागदाच्या चिठ्ठ्या खोचलेल्या होत्या. तासभर त्यांनी सरांना पिळून काढलं. सर चांगली उत्तरं देत होते. मला वाटलं, निभावलं. मग बाईंनी एक चिठ्ठी काढून बाजूला ठेवली आणि चष्मा बदलला.

“बिरनाळे, तुम्ही सूर्य पूर्वेला उगवतो असं लिहिलं असतंत तरी खाली दोन संदर्भ दिले असतेत.”

लोक हसले. सरही हसले.

“मग पान एकशे त्रेचाळीस. यावर एकही तळटीप नाही. का?”

सरांनी चष्मा नीट केला.

“सगळ्यांना कळावं म्हणून वाचते,” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली.

“एका अकरा वर्षांच्या मुलीची आई सकाळी गेली आहे. घर माणसांनी भरले आहे. दुपारी तिची मावशी परगावाहून येते. वेशीपासूनच ती हेल काढून रडत येते. ती बहिणीला नावाने हाक मारते. तिच्या हातची भाकरी, तिची हिरवी चोळी, दोघींनी मिळून वेचलेला कापूस, लग्नात दोघींनी एकमेकींना दिलेला शब्द, अशी एकेक गोष्ट ती पुढे मांडते. प्रत्येक ओळीच्या शेवटी आवाज उंच नेते आणि हळूच खाली सोडते. अंगणातल्या बायका गप्प होतात. मुलगी दाराआड उभी आहे. तिला रडू येत होते, ते थांबते. ती पुढची ओळ कोणती येईल याची वाट बघू लागते. कापसानंतर मावशी विहिरीचे नाव घेते तेव्हा मुलीच्या अंगावर काटा येतो. तो दुःखाचा नसतो. मावशी दमून थांबते. मुलीला वाटते, अजून थोडे हवे होते. आणि लगेच तिला कळते की आपण काय मागितले. ती आत जाऊन कणगीमागे बसते. त्या दिवशी ती रडत नाही, नंतरही नाही. बायका म्हणतात, पोरगी दगडाची आहे. मुलगी मनात म्हणते, दगड असते तर बरे झाले असते.”

बाईंचा उच्चार अगदी साफ होता, शहरी. माझी आई त्या उच्चारात मेली आणि मी बाकाची कड धरून बसले. पंधरा वर्षं ज्या गोष्टीची माझी मला किळस येत होती ती चाळीस माणसांनी एकदम ऐकली होती.

“हे तुम्ही रचलंत का?” बाईंनी विचारलं.

“नाही,” सर म्हणाले.

“कुठं वाचलंत?”

“नाही.”

“प्रत्यक्ष पाहिलंत?”

“नाही.”

“मग आलं कुठून?”

सबनीस सर पुढं झुकले. “बाई, लोकजीवनातलं एक सर्वसाधारण निरीक्षण म्हणून—”

“यात सर्वसाधारण काही नाही, सबनीस. म्हणून तर विचारते. सबंध चौथं प्रकरण या एका पानावर उभं आहे. या पानावाचून पुढचा निष्कर्ष म्हणजे नुसतं एक वाक्य. आणि पानाखाली जमीन नाही. मला हा प्रबंध परत पाठवावा लागेल, बिरनाळे. माझी इच्छा नाही. पण तुम्ही मला दुसरं काही करूच देत नाही आहात.”

सरांचे दोन्ही हात टेबलावर पालथे पडले होते. नऊ वर्षं. मी त्यांचा पाय बघत होते. तो हलत नव्हता.

मी उभी राहिले. उभी राहिल्यावर कळलं की आपण उभ्या आहोत.

“ती मुलगी मी आहे,” मी म्हणाले.

सगळ्या माना मागं वळल्या.

“आपण कोण?” बाईंनी विचारलं.

“शालन मोरबाळे. मी टाइप करते. हा प्रबंध मी टाइप केलाय.”

“म्हणजे ही हकीकत तुम्ही बिरनाळ्यांना सांगितलीत?”

इथं ‘हो’ म्हटलं असतं तर संपलं असतं. मी तोंड उघडलंही होतं.

“नाही,” बिरनाळे सर म्हणाले. ते माझ्याकडं बघत नव्हते, बाईंकडं बघत होते. “सांगितली नाही. त्या पानावरचं एक अक्षरही माझं नाही. सगळं पान त्यांनीच लिहिलंय.”

सबनीस सरांनी डोळे मिटले. मला पहिल्यांदा एवढंच समजलं, की सरांना माहीत आहे. किती दिवसांपासून माहीत आहे?

धारपबाईंनी ते पान पुन्हा उघडलं. मग त्यांनी सरांना सोडून मलाच विचारलं, “शिक्षण?”

“मॅट्रिक. आणि मराठी चाळीस.”

“मराठी चाळीस म्हणजे?”

“मिनिटाला चाळीस शब्द.”

मागं कुणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत.

“आणि पुढच्या पानावरचा निष्कर्ष? तोही तुमचा?”

“नाही बाई, तो सरांचा. मला तो कुठून सुचणार? मी आपली धरूनच चालले होते की माझ्यातच काहीतरी वाईट आहे. आईचं मढं अंगणात आणि हिला गाणं ऐकायचंय. दुसरं काही असू शकेल असं मला कधी वाटलंच नाही. त्या दुपारी ते वाक्य टाइप करायला घेतलं, तेव्हा पहिल्यांदा वाटलं, हे कुणालाही होऊ शकतं. याच्यावर लोक नऊ नऊ वर्षं अभ्यास करतात.” मी बाकावरचा हात काढला. “सरांचं पान माझ्या हातून हरवलं. त्यांची काही चूक नाही. मी भ्याले, म्हणून सांगितलं नाही. परत पाठवायचा असेल तर मला शिक्षा करा काय ती. त्यांना नको.”

“शिक्षा करायला मी कोण?” बाई म्हणाल्या. “सगळ्यांनी दहा मिनिटं बाहेर थांबा.”

व्हरांड्यात सर आणि मी खांबाच्या दोन बाजूंना उभे राहिलो. फराळाच्या प्लेटा मांडून ठेवल्या होत्या. कुणी हात लावत नव्हतं.

“कधी कळलं तुम्हाला?” मी विचारलं.

“काल दुपारी. मौखिकी आहे म्हणून उघडावाच लागला. साडेचार महिने कपाटात ठेवला होता.”

“मग काल सांगायचं नाहीत?”

“सांगितलं असतं तर आज तुम्ही आला असतात?”

आले नसते.

“सर, माझ्यामुळं झालं हे. ते पान पंख्यानं—”

“पंख्यानं काही नेलं नाही ताई.” त्यांनी चष्मा काढून धोतराला पुसल्यासारखा पँटला पुसला. “एकशे त्रेचाळीस मी लिहिलंच नव्हतं. आकडा सोडून ठेवला होता. दोन वर्षं उदाहरण शोधत होतो. सूर्यास्त लावून बघितला, देवळाचं शिखर लावून बघितलं. लागेना. शेवटच्या आठवड्यात म्हटलं, केंद्रावर बसून काहीतरी लिहू आणि सादर करायच्या दिवशी तुमच्याकडून टाइप करून घेऊ. तुम्हाला सांगायचं विसरलो. आणि तुमच्या टेबलावर चारही प्रती शिवून तयार. मला वाटलं, तुम्ही आकडे सरकवून जमवलं असणार. विचारायला धीर झाला नाही. उघडून बघायला तर नाहीच.”

मी खांबाला टेकले. साडेचार महिने मी एका पानासाठी जळत होते आणि ते पान कधी नव्हतंच. आणि सर तेवढ्यात मला पेरू आणून देत होते.

“तुम्ही पण भ्यालात,” मी म्हणाले.

“मी नऊ वर्षं भीतोय. तुम्हाला आता लागण झाली.”

आम्हाला हसू आलं नाही. सबनीस सर दारात आले आणि दोघांनाही आत बोलावलं. बसायला कुणी सांगितलं नाही.

“दुसऱ्याचा मजकूर स्वतःचा म्हणून देणं याला काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे, बिरनाळे,” धारपबाई म्हणाल्या. “तुम्ही तो तसा म्हणायला आज नकार दिलात. ही एक गोष्ट झाली. दुसरी अशी की निष्कर्ष तुमचा आहे, आणि तो खरा आहे की नाही हे तपासायची सोय मला फार कमी वेळा मिळते. आज एक बाई उठून उभी राहिली आणि मिळाली. मी पदवीची शिफारस करते, एका अटीवर. ते पान अवतरणात जाईल. खाली तळटीप येईल: कुणी सांगितलं, कुठं, कोणत्या तारखेला. चारही प्रतींत चिठ्ठी चिकटवा आणि संध्याकाळच्या आत सबनीसांना दाखवा. मी उद्या सकाळच्या गाडीनं जाणार आहे, त्याआधी मला ती बघायचीय.”

“हो बाई,” सर म्हणाले.

“आणि तारीख खोटी नको. तुमचा संवाद झालेलाच नाही म्हणता. मग आधी तो करा. मग तारीख घाला.” त्या माझ्याकडं वळल्या. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं असं मला वाटलं. त्यांनी नुसता चष्मा काढून हातात धरला आणि म्हणाल्या, “काहीतरी खाऊन जा.”

दुपारी तीनला आम्ही दुकानात आलो. रशीदचाचांनी खळीची वाटी आणून ठेवली आणि “डॉक्टर झालात तरी स्टूल तेच,” म्हणून गेले. मी चार चिठ्ठ्या कापल्या. सरांनी खिशातून पेन काढलं, वही उघडली, वर तारीख घातली आणि स्टुलावर ताठ बसले.

“सांगा,” ते म्हणाले.

“सगळं लिहिलंय की त्यात.”

“बाई म्हणाल्या तसं व्हायला पाहिजे. तोंडी.”

मग मी सांगायला लागले. आधी कोरडं कोरडं सांगितलं, गाव कुठलं, आई कशानं गेली, वार कुठला. मग गोदामावशी वेशीवर आली. ती काय म्हणाली ते सांगताना ते नुसतं बोलून सांगता येईना. भाकरीपाशी माझा आवाज वर गेला. मी थांबले, परत खालून सुरू केलं, तो परत गेला. मला ओळ न् ओळ येत होती. हिरवी चोळी, कापूस, विहीर. रस्त्यावरून सायकली जात होत्या, फाटकापाशी पोरं गोंधळ घालत होती. मी यंत्राच्या कळांवर नजर ठेवून अख्खं म्हटलं. शेवटाला आले तेव्हा माझी बोटं ओली होती. डोळे कधी पुसले होते ते मला कळलं नव्हतं.

वर पाहिलं तर वहीत तारखेखाली काही नव्हतं. पेन स्टुलाजवळ जमिनीवर पडलं होतं. सर दाराकडं तोंड करून बसले होते, मान एका बाजूला, जसं माणूस आत कुणीतरी गात असलेल्या घराबाहेर थांबतं तसं.

“झालं,” मी म्हणाले.

“आणखी—” सर म्हणाले. आणि त्यांचा चेहरा एकदम लाल झाला. त्यांनी मान खाली घातली, पेन उचलायला वाकले आणि वाकलेलेच राहिले.

मी चिठ्ठ्या बाजूला सारल्या. संध्याकाळ व्हायला अजून अवकाश होता.

“आणखी आहे,” मी म्हणाले. “बसा नीट.”